निरंक

तुमच्यापैकी बहुतेकांची ग्रामीण भागातली पोस्टिंग आता तोंडावर आलीय, म्हणून मी आज माझ्या पहिल्या पावसाळ्याबद्दल बोलणार आहे. पुढे एमडी केलं, तालुका पाहिला, जिल्हा पाहिला, आता शिकवते. पण मला जे थोडंफार येतं, त्याची सुरुवात त्या चार दिवसांत झाली.

घाटमाथ्यावरचं पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र होतं. डोंगराळ भागात २० हजार लोकांमागे एक पीएचसी, असा निकष तुम्ही पाठ केलाय. प्रत्यक्षात ते २० हजार लोक ओढ्यांपलीकडच्या पाड्यांवर राहतात, आणि पावसात ओढा उतरला तरच तुमच्यापर्यंत पोचतात. जुलैतल्या एका रात्री एकाच पाड्यावरून जीप भरून माणसं आली. जुलाब, उलट्या, डोळे खोल गेलेले; चिमटीत धरलेली कातडी सोडली तरी तशीच उभी. सकाळपर्यंत खाटा संपल्या, व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या. दुपारी सलाइनच्या बाटल्या मोजल्या आणि माझ्या पोटात गोळा आला.

सिस्टर मात्र शांत होत्या. ‘‘गिळता येतंय त्यांना सलाइन कशाला, मॅडम?’’ म्हणाल्या, आणि एकेका आईच्या हातात ओआरएसची वाटी नि चमचा दिला. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा चमचा-चमचा. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच केलं होतं. मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा घातलेलं पाणी नातेवाइकांच्याच हाती सोपवलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे मार्कही मिळाले होते. व्हरांड्यात ते मला सिस्टरांनी शिकवलं.

तरी जीप येतच राहिली. तिसऱ्या दिवशी आमचे आरोग्य सेवक, वीस वर्षं नोकरी झालेले, मला म्हणाले, ‘‘मॅडम, इथं कितीही बाटल्या लावा, हंडे अजून तिथंच भरताहेत. विहिरीवर चला.’’

गेलो. त्यांनी टेस्ट ट्यूबमध्ये विहिरीचं पाणी घेतलं, ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडिन द्रावणाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. झालं नाही. हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांतली एक पुढे आली. ‘‘पिवळं व्हायला पाहिजे होतं का?’’ मी हो म्हटलं, आणि मला पुढे बोलता येईना. तिची सासू आदल्या दिवशी आमच्याकडेच वारली होती. ओढ्याला पूर होता, आणायला उशीर झाला होता.

टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीची गोणी पाहिली. तोंड उघडं, पावडरीचे ओले गोळे झालेले, तो नाकात जाणारा उग्र वास नाही. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. ओल लागली की तो उडून जातो, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नसते. जलसुरक्षक ती रोज न चुकता विहिरीत टाकत होता. तुटपुंज्या मानधनावर, भर पावसात. त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगणं माझं काम होतं. त्याच्या वहीवरून आमचा साप्ताहिक अहवाल तयार व्हायचा: ‘पाणी शुद्धीकरण नियमित. साथ: निरंक.’ खाली माझी सही. कोणीही खोटं लिहिलं नव्हतं.

म्हणून ‘निरंक’ हा शब्द मला आजही थांबवतो. साथ नाही म्हणून निरंक, की कोणी पाहिलंच नाही म्हणून निरंक? कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, हा परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचा विषय आहे असं मुलं म्हणतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. ही दोन निरंक वेगळी ओळखता येणं, हाच तर आमचा विषय आहे.

ताजी पावडर आणली. बादलीत कालवली, चुन्याचा गाळ तळाला बसू दिला, वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतली. ती बादली दोरानं विहिरीत सोडून पाणी घुसळलं. तासभर थांबलो. पुन्हा थेंब टाकले. ‘‘आता झालं पिवळं,’’ तीच बाई म्हणाली. पेशंट मात्र लगेच थांबले नाहीत. जंतू आधीच पोटात गेलेले असतात, त्यामुळे पुढचे काही दिवस लोक येतच राहतात. त्या दिवसांत धीर सोडायचा नाही आणि टेस्टही सोडायची नाही.

पुढच्या वर्षी मी मे महिन्यातच त्या पाड्यावर गेले. त्या बाईनं माझ्या हातातून ट्यूब घेतली, स्वतः थेंब मोजून टाकले आणि उजेडात धरून पाहिलं. ओटीची बाटली मी तिच्याकडेच ठेवून आले.