या, बसा आणि बोलू नका

नमस्कार श्रोतेहो. निंदण-डवरण आटोपत आलं, सोयाबीन फुलावर आहे, पऱ्हाटीला पात्या धरू लागल्या. घरच्या माणसांना सकाळचे दीड-दोन तास काढता येतील असे हेच काय ते दिवस. म्हणून आपल्या मॉन्टेसरी बालमंदिराचे तिन्ही कार्यक्रम याच दिवसांत बसवले आहेत. आधी नुसते सांगतो. एक, पुढच्या सोमवारपासून पालकांनी वर्गात येऊन बसायचं. दोन, ३१ ऑगस्टला दुपारी वर्गाचं साहित्य करायला जमायचं. तीन, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा लाकडी बैलांचा पोळा. कानात राहावं म्हणून पुन्हा सांगतो: सोमवारपासून वर्गात बसणं, ३१ तारखेला साहित्य, आणि मग तान्हा पोळा.

आता पहिला कार्यक्रम. एका दिवशी दोघंच जण. वेळ सकाळी सव्वानऊ ते पावणेअकरा. दाराजवळ दोन पाट मांडलेले असतील, त्यावर बसायचं. चपला बाहेर, मोबाइल बंद, आणि तोंडही बंद. आपलं लेकरू जवळ आलंच तर हळूच म्हणायचं, "तुमचं काम पाहायला आलो," आणि गप्प. आजी-आबांनी यावं, ते तर जास्तच बरं. त्यांना नुसतं बसून पाहता येतं. आईबापांचा हात शिवशिवतो.

तोंड बंद का, हा प्रश्न दरवर्षी येतो. त्याचं उत्तर द्यायला रोमला जावं लागतं. गोष्ट जुनी आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

साल १९०७. रोम शहरात सान लोरेन्झो नावाची मजुरांची वस्ती. मोठी माणसं सकाळी कामावर जायची आणि लहान पोरं दिवसभर जिन्यांत उंडारायची, भिंती खराब करायची. इमारतींच्या मालकांनी विचार केला, रोज रंगरंगोटी करण्यापेक्षा पोरांना एका खोलीत सांभाळलेलं स्वस्त पडेल. म्हणजे पाहा, जगभर गाजलेल्या या शाळेची सुरुवात भिंती वाचवण्यासाठी झाली! ६ जानेवारीला ती खोली उघडली आणि देखरेखीला बोलावलं एका डॉक्टरीणबाईंना. त्या मारिया मॉन्टेसरी. हाताखालची बाई रीतसर शिकलेली शिक्षिका नव्हती, आणि डॉक्टरीणबाईंना ते बरंच वाटलं. शिकवण्याची खोड नाही, तर मधे बोलण्याचीही खोड नाही.

तिथे एक मुलगी होती, साधारण तीन वर्षांची. तिच्यापुढे दट्ट्यांची पेटी. आपल्या वर्गात खिडकीखालच्या फळीवर आहे तीच. लाकडाचा लांब ठोकळा, त्यात दहा खळगे आणि दहा दट्टे, प्रत्येकाला वर धरायला बोंड. प्रत्येक दट्टा एकाच खळग्यात नीट बसतो. चुकीच्या ठिकाणी घातला तर एक तर हलतो, नाही तर आत जात नाही, आणि शेवटचा हातात उरतो. चुकलं हे सांगायला मोठं माणूस लागत नाही.

तर ही मुलगी काय करत होती? दट्टे काढायची, मिसळायची, एकेक परत बसवायची. सगळे बसले की पुन्हा काढायची. मॉन्टेसरीबाई पाहतच राहिल्या. तीन वर्षांचं मूल, एका कामाला एवढा वेळ चिकटून? त्या काळी सगळेच म्हणत, लहान पोराचं मन माकडासारखं, या फांदीवरून त्या फांदीवर. बाईंनी मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली.

मग त्यांनी परीक्षा पाहायची ठरवली. शिकवणाऱ्या बाईला सांगितलं, बाकीच्या मुलांना गाणं म्हणायला लावा, खोलीभर फिरवा. पोरं गाऊ लागली, पाय आपटू लागली. हिने मान वर केली नाही. दट्टे काढते आहे, बसवते आहे.

मग बाईंनी काय करावं? त्या मुलीला खुर्चीसकट उचललं आणि खुर्ची टेबलावर ठेवली! आपण असतो तर रडून गोंधळ घातला असता. या मुलीने काय केलं? खुर्ची हलताच पेटी आणि दट्टे पटकन छातीशी धरले, वर गेल्यावर पेटी मांडीवर ठेवली आणि पुन्हा सुरू. काढले, बसवले. काढले, बसवले. बाईंची मोजणी चाळीसच्या वर गेली. किती? चाळीसच्या वर.

आणि मग ती थांबली. कुणी थांब म्हटलं नव्हतं, घंटा वाजली नव्हती. झोप पुरी झालेलं माणूस जागं व्हावं तशी तिने मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि हसली. चेहऱ्यावर थकवा नाही. एवढा गोंगाट झाला, खुर्ची उचलली गेली, त्याची तिला खबरच नव्हती.

आता मला सांगा, त्या खोलीच्या दारात तिची आई उभी असती तर? पाचव्या वेळी म्हणाली असती, "झालं ना बेटा, आता दुसरं घे." सातव्या वेळी म्हणाली असती, "अरे वा, शाब्बास!" आणि तिथेच खेळ संपला असता. शाब्बास म्हटलं की मूल कामाकडचं तोंड आपल्याकडे वळवतं. पुढच्या वेळी दट्टा बसवताना ते खळग्याकडे नाही, आपल्या तोंडाकडे पाहतं. रागावल्याने काम तुटतं तेवढंच कौतुकानेही तुटतं. हे बऱ्याच जणांना पटत नाही, मला ठाऊक आहे. पण आपल्याकडे टाळ्यांचं प्रमाण जरा वाढलंच आहे. दोन वर्षांचं पोर चमच्याने वरण प्यायलं तरी घरभर टाळ्या.

म्हणून पाटावर बसून तोंड बंद. शाब्बास नाही, खूण नाही, मदत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाही तर घरी जाऊन म्हणाल, पैसे वाया गेले. मुलं साडेआठला कामाला लागतात आणि साडेअकरापर्यंत मधे घंटा नसते. दहाच्या आसपास वर्ग एकदम सैल पडतो. कुणी उठून फिरतं, कुणी उगाच दुसऱ्याच्या चटईशी घोटाळतं, आवाज चढतो. पाहणाऱ्याला वाटतं, ताई काय करून राहिल्या, पोरं हाताबाहेर गेली. ताई काहीच करत नाहीत, मुद्दामच. हा थकवा खोटा असतो. पंधरा-वीस मिनिटं वाट पाहिली की तीच मुलं उठून सकाळपेक्षा अवघड काम घेतात. याच वेळी खाऊची सुट्टी दिली किंवा सगळ्यांना गाणं म्हणायला बसवलं की ते मोठं काम येतच नाही. म्हणून दहाला उठून जाऊ नका. पावणेअकरापर्यंत बसा. पुन्हा सांगतो, पावणेअकरापर्यंत.

जाता जाता एक बोलतो. मॉन्टेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, त्यामुळे तालुक्याला हल्ली दर चौकात ती पाटी दिसते. आत गेलं तर चाळीस पोरं बाकांवर हाताची घडी घालून आणि फळ्यावर ए बी सी डी. पाटी वाचू नका, साहित्याच्या फळ्या पाहा. साहित्य मुलाच्या हाताला पोचेल इतकं खाली आहे का? तीन, चार आणि पाच वर्षांची मुलं एकाच खोलीत आहेत का? दोन्हीला नाही आलं, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

आता दुसरा कार्यक्रम. ३१ ऑगस्ट हा मॉन्टेसरीबाईंचा जन्मदिवस, साल १८७०. हार-भाषण नाही, त्या दुपारी दोन वाजता आपण गणिताच्या तकल्या, म्हणजे मोजायच्या काड्या, करायच्या. विकतच्या तकल्या लाकडी असतात, आपण तुराटीच्या करू. कोणी नाक मुरडू नये. ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला शिंपले, खडे, बिया असं गावात मिळेल ते घेऊनच बालशिक्षण उभं केलं. लग्नानंतर त्या काही काळ आपल्या अमरावतीत होत्या, हे पुष्कळांना माहीत नसतं.

घरून गेल्या हंगामातल्या वाळलेल्या तुराट्या आणा. बुडखा जाड असतो, शेंडा बारीक. मधला भाग घ्यायचा, पेन्सिलीएवढा जाड. भोक पडलेली, भुगा गळणारी काडी चुलीत घाला. आणण्याच्या दोन दिवस आधी रात्रभर पाण्यात भिजवा, साल सहज निघते. मग सावलीत, फळीखाली दाबून वाळवा. उन्हात टाकली तर काडी वाकते आणि मुठीत बसत नाही. कापायची वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटर. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासायची, कूस राहता कामा नये.

आणि संख्या नीट ऐका: एका पेटीला ४५ काड्या. ४४ नाही, ४६ नाही. पेटीला शून्य ते नऊ असे दहा खण. एकच्या खणात एक, दोनच्या खणात दोन, असं नऊपर्यंत गेलं की बेरीज ४५ होते आणि मुलाच्या हातात काही उरत नाही. शून्याचा खण रिकामा. उरली काडी किंवा कमी पडली, तर मूल स्वतःच समजतं की कुठेतरी चुकलं. म्हणून एक काडी हरवली तर बरोबर मोजणाऱ्याचंही नऊच्या खणात चुकतं आणि बिचारं पुन्हा पुन्हा मोजत बसतं. ताई रोज संध्याकाळी काड्या मोजतात त्या यासाठी. जास्तीच्या आपण बांधून कपाटात ठेवू. प्रत्येक पेटीसोबत सुती नाडीचे आठ तुकडे लागतील. दोनपासून पुढची प्रत्येक जुडी मूल बांधतं, मग मुठीत धरून पाहतं. नऊची जुडी मुठीत मावत नाही, नऊ म्हणजे किती हे तिथे हाताला कळतं.

वेळ उरला तर पॉलिश पेपरची अक्षरंही कापू. अक्षर कागदाच्या मागच्या बाजूने काढायचं, तेही उलटं, आरशात दिसतं तसं. सरळ काढून कापलं की पुढून क उलटा येतो आणि कागद फुकट. व्यंजनं गुलाबी पाटीवर, स्वर निळ्या.

आता तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याला आखरावर बैलांची तोरणाखाली रांग लागते, झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, होतात, "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव" होतं, ते तुम्हाला मी काय सांगणार. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बालमंदिराच्या अंगणात लाकडी बैल आणायचे. वीतभर उंचीचा बैल पुरे. मागे कमरेएवढे बैल घेऊन काही बाप आले होते. चाकांवरचा तो बैल बापच ओढत होता, पोरगं बाजूला चालत होतं. तान्हा पोळा तान्ह्यांचा आहे. सजावटीची स्पर्धा नाही, नंबर नाही.

बैल चकचकीत मुलं स्वतः करतील. त्यासाठी बैल पाच दिवस आधी शाळेत पाठवा. आदल्या दिवशी पाठवू नका, कारण जवसाचं तेल वाळायला दिवस लागतात आणि या दमट हवेत जास्तच लागतात. काम असं चालतं: कोरड्या फडक्याने धूळ पुसायची, कापसाच्या बोळ्यावर पाच-सहा थेंब तेल, लाकडाच्या रेषेच्या दिशेने चोळायचं, दहा मिनिटांनी कोऱ्या कापडाने जादा तेल पुसून घ्यायचं. घरी प्रेमापोटी कुणी वाटीभर तेल ओततं, मग बैल महिनाभर चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. आणि हे नीट ऐका: जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. गोळा करून ठेवलेलं असं फडकं आतून तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा. गोळा करून नाही, पसरून.

बेगड आणि झूल घरून लावून आणली तरी चालेल, पण शिंगांना ऑइलपेंट नको, गेरू चालतो. दोरी फार आखूड असेल तर पुढची चाकं उचलली जातात, फार लांब असेल तर मागच्याच्या पायात येते. मुलाच्या कमरेपासून जमिनीपर्यंत मापा आणि त्याच्या दीडपट घ्या. चाक कुरकुरत असेल तर आसाला साबण घासा.

बोजारा, म्हणजे पोळ्याची भेट, म्हणून चॉकलेट देऊ नका, नाणी देऊ नका. केळी द्या, मुलं स्वतः सोलून खातात. पाच वर्षांच्या आतल्या कुणालाच अख्खे शेंगदाणे-फुटाणे मुळीच नाही, घशात अडकतात.

वर्गात बसायला कोणता दिवस हवा ते ताईंना शनिवारपर्यंत सांगा, आणि पाऊस लागला तर तान्हा पोळा अंगणात न होता ओसरीवर होईल, वेळ तीच, सकाळी नऊ. नमस्कार.