जंत मांजराच्या पोटात, पिसू घरात

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की जनावरांच्या दवाखान्यात येणारे बरेच जण आधी मांजर दाखवत नाहीत, मोबाइल पुढे करतात. फोटोत मांजराच्या शेपटीखालच्या केसांना चिकटलेला एक पांढरा कण असतो, नाहीतर पलंगावरच्या चादरीवर पडलेला. मागोमाग घाबरलेला आवाज येतो, "डॉक्टर, आधी वाटलं भाताचं शीत आहे. पण हे तर हलतंय हो!"

हलतं, हे खरं आहे. तो कण गडद रंगाच्या कापडावर ठेवून मिनिटभर नुसता बघा. लांब होतो, आखडतो, पुन्हा लांब होतो आणि हळूहळू पुढे सरकतो. थोड्या वेळाने वाळला की पिवळसर, टणक होतो आणि तिळाच्या दाण्यासारखा दिसायला लागतो. चादर झटकताना हेच दाणे हाताला लागतात. हा अख्खा जंत नाही, त्याचा सुटून आलेला एक तुकडा आहे. मूळ जंत मांजराच्या लहान आतड्याला डोक्याने घट्ट चिकटून बसलेला असतो. चपटा, फितीसारखा, कधी अर्धा मीटर लांब. म्हणून त्याला पट्टकृमी किंवा फीतकृमी म्हणतात. शेपटाकडचे पिकलेले तुकडे एकेक करून सुटतात आणि शीबरोबर किंवा स्वतःच सरकत बाहेर येतात. प्रत्येक तुकड्यात अंडी खच्चून भरलेली असतात. मांजरांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या या जंताचं शास्त्रीय नाव डायपायलिडियम कॅनायनम. कार्ल लिनिअसने १७५८ साली त्याची नोंद केली, म्हणजे विज्ञानाला तो काही नवा नाही.

यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आमचं मांजर उंबरठासुद्धा ओलांडत नाही. चौथ्या मजल्यावर राहतो, खिडक्यांना जाळ्या आहेत. मग हा जंत आला कुठून?"

पिसूमधून आला. आजचं माझं सगळं बोलणं याच एका गोष्टीभोवती आहे, म्हणून ती जरा सावकाश सांगते. जंताची अंडी मांजराच्या अंथरुणात, सतरंजीत, फरशीच्या सांध्यांत सांडतात. तिथेच पिसवांच्या अळ्या असतात. पिसू मोठी झाली की फक्त रक्त पिते, पण तिची अळी केरातलं मिळेल ते खाते आणि त्यात ही अंडीही गिळते. अळीची पिसू होईपर्यंत जंताचं पिल्लू तिच्या पोटात तयार होतं. मग ती पिसू मांजराला चावते, मांजराला खाज सुटते, ते अंग चाटतं, आणि चाटता चाटता पिसू गिळतं. तिथून साधारण तीन आठवड्यांत शेपटीखाली पुन्हा पांढरे कण.

पिसू घरात यायला मांजराने बाहेर जावं लागत नाही. शेजारचा कुत्रा दारात येऊन बसतो, जिन्यात भटक्या मांजरीने पिल्लं घातलेली असतात, कुणीतरी पावसात भिजलेलं पिल्लू उचलून आणतं. तुमच्या कपड्यांवरूनही एखादी आत येते. "पण आम्हाला तर एकही पिसू दिसली नाही," असंही पुष्कळ जण सांगतात. मांजर स्वच्छ प्राणी आहे, दिवसाचा बराच वेळ ते अंग चाटत असतं. दिसण्याआधीच त्याने त्या गिळून टाकलेल्या असतात.

खात्री करायची असेल तर उवा-लिखांची बारीक फणी घ्या. शेपटीच्या मुळाशी, पाठीवर आणि मानेभोवती फिरवा आणि फणीतला कचरा ओल्या पांढऱ्या कापसावर झटका. बारीक काळे कण पडतील. ती माती असेल तर काळीच राहते. पण कणाभोवती कापूस तांबूस होत पसरला, तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. फणीत जिवंत पिसू सापडली तर नखावर चिरडू नका. ती सवय आपल्याकडे फार जुनी आहे, पण पिसूच्या पोटातलं जंताचं पिल्लू त्यामुळे बोटांवर येतं. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवा आणि पिसू त्यात बुडवा.

उंदीर पकडणाऱ्या मांजरांत दुसऱ्या जातीचा पट्टकृमी येतो, तो उंदराच्या यकृतातून. पालींतून येणारेही काही आहेत, आणि पाल कुणाच्या घरात नाही? म्हणून मांजर पाली-उंदीर खातं का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता औषध. या जंतावर चालणारं औषध म्हणजे प्राझिक्वांटेल. गोळी असते, इंजेक्शन असतं, मानेवर टाकायचे थेंबही मिळतात. मात्रा मांजराच्या वजनावर ठरते आणि ती पशुवैद्यानेच ठरवायची. औषध दिल्यावर लोक जंत बाहेर पडायची वाट बघतात. तो बहुधा दिसत नाही, आतल्या आत पचून जातो. पुढे महिन्याभराने मंडळी परत येतात आणि म्हणतात, "तुमचं औषध लागू पडलं नाही." औषध लागू पडलेलं असतं. जंत मेला, पण पिसवा घरातच राहिल्या, त्यामुळे ये रे माझ्या मागल्या! नुसत्या मांजराला गोळ्या घालत राहणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून मांजराला जंताची गोळी ज्या दिवशी द्याल, त्याच दिवसापासून पिसवांचा बंदोबस्त सुरू करा. घरात दोन मांजरं आणि एक कुत्रा असेल तर तिघांनाही एकाच वेळी औषध हवं. मानेवर लावायचे थेंब केस बाजूला करून थेट कातडीवर टाका, जीभ पोहोचणार नाही अशा जागी. हे दर महिन्याला, सलग निदान तीन महिने. तीन महिने कशाला, असं वाटेल. मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिलावळीचा अगदी लहानसा भाग. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात आणि फटींत असतात. कोष चिकट असतो, त्यावर धूळ बसते, फवारा आत शिरत नाही, आणि आतली पिसू कित्येक महिने गप्प पडून राहू शकते. मे महिन्यात गावी जाऊन परत आलेल्यांनी हे अनुभवलं असेल. कुलूप काढून आत पाऊल टाकताच पायावर पिसवा उडतात. पावलांचा हादरा आणि अंगाची ऊब लागली की त्या कोषातून बाहेर पडतात.

त्यामुळे घर झाडून काढायला पर्याय नाही. मांजराची गोधडी, उशीचे अभ्रे, सोफ्यावरची चादर कडक गरम पाण्यात धुवा. ऊन असेल तेव्हा खडखडीत वाळवा, पिसूच्या अळ्यांना कोरडं ऊन सोसत नाही. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर दिवाणाखाली, सोफ्याच्या फटींत, भिंतीच्या कडेने फिरवा आणि आतला कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाका.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते त्या गोष्टीकडे येते. मांजराच्या पट्टकृमीने मांजर दगावणं जवळपास होत नाही. मांजरं दगावतात ती चुकीच्या औषधाने. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजराला विष आहे. गोठ्यात गाईम्हशींच्या गोचिडांवर मारायची सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ ही औषधं पाण्यात कालवून लोक मांजरालाही लावतात. कृपा करून हे करू नका. थोड्याच वेळात लाळ गळायला लागते, कान आणि चेहरा फडफडतो, अंग थरथरतं, मग झटके येतात. असं काही लागलंच तर भांड्याच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात मांजर धुवा, कोरडं करून उबेत गुंडाळा आणि तडक दवाखाना गाठा. "बघू सकाळी" म्हणू नका. कुत्र्याला असं औषध लावायची वेळ आलीच, तर निदान तीन दिवस मांजर त्याच्याजवळ झोपू देऊ नका. त्याहून बरं म्हणजे घरात मांजर आहे हे सांगून वेगळं औषध मागून घ्या.

राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत, अंगणवाडीत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मिळते. मुलांसाठी ती चांगलीच आहे. उरलेली अर्धी गोळी मांजराला मात्र नको. या जंतावर तिचा उपयोग नाही, आणि मांजराच्या अस्थिमज्जेला ती इजा करू शकते. लसूण हा जंतावरचा घरगुती उपाय म्हणून सांगितला जातो. लसूण-कांद्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. डांबराच्या गोळ्या, लवंगेचं तेल, काळं फिनेल यांपासूनही मांजराला लांब ठेवा, त्याच्या यकृताला हे पदार्थ नीट निपटता येत नाहीत. उंदरांसाठी विषारी वड्या ठेवू नका, विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर ते विष त्याच्याही पोटात जातं. पिंजरा लावा.

आता माणसांचं. आपल्याकडे "कोबीतला किडा मेंदूत जातो" ही भीती घरोघरी आहे. तो आजार वेगळा. तो डुकरामार्फत येणाऱ्या पट्टकृमीचा, आणि त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून अन्नपाण्यात येतात. मांजराचा हा पट्टकृमी मेंदूत जात नाही. मांजराला हात लावून, किंवा ते पांढरे कण उचलूनही तो आपल्याला होत नाही. त्यासाठी पिसूच पोटात जावी लागते. असं क्वचित घडतं, आणि घडलं तर बहुतेक वेळा रांगणाऱ्या बाळाच्या बाबतीत. बाळ जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, मांजर त्याचे गाल चाटतं. बाळाच्या लंगोटात तांदळासारखे कण दिसले तर बालरोगतज्ज्ञांना ते दाखवा आणि घरात मांजर आहे, पिसवा आहेत, हे स्वतःहून सांगा. नाहीतर हे कण साधे सूतकृमी समजले जातात आणि त्यांची गोळी देऊनही कण येतच राहतात. नेमकं औषध मिळालं की हा जंत बाळालाही पुढे त्रास देत नाही.

घरात सूनबाईंना दिवस गेले की "आधी मांजर सोडून या" असं आजी-आजोबा म्हणतात. त्यांची काळजी मी समजू शकते. पण गरोदरपणातला धोका पट्टकृमीचा नसून टॉक्सोप्लाझ्मा या वेगळ्याच जंतूचा आहे. तो मांजराच्या शीमध्ये पडल्यावर संसर्गाला तयार व्हायला निदान एक दिवस घेतो. म्हणून लिटर ट्रे रोज साफ करायचा आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं. दुसरं कुणी नसेल तर हातमोजे घालून करायचं आणि नंतर साबणाने हात धुवायचे. मांजराला कच्चं मटण, कोंबडीचे कच्चे तुकडे देऊ नका, शिजवून द्या. घरातल्यांसाठीही मटण नीट शिजवा, कारण हा जंतू कच्च्या मांसातूनच पुष्कळदा येतो. एवढं पाळलं तर मांजर घरातच राहू शकतं.

शेवटी, दवाखान्यात येताना तो पांढरा कण छोट्या डबीत थेंबभर पाणी घालून आणा, नाहीतर चिकटपट्टीवर चिकटवून आणा. शी तपासून या जंताची अंडी पुष्कळदा सापडत नाहीत, म्हणून "रिपोर्टमध्ये काही नाही" एवढ्यावर थांबू नका. कण समोर असला तर निदान लगेच होतं. तुमच्या तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही मांजर दाखवता येतं. येताना मांजर टोपलीत किंवा पिशवीत नीट बंद करून आणा, आणि घरात आणखी किती प्राणी आहेत ते सांगा.

नमस्कार.