रणगाड्याचे वजन आणि रणगाड्याचे भवितव्य

दापोलीसारख्या जुन्या छावणीच्या गावात, समोर इतके निवृत्त सैनिक बसलेले असताना, रणगाड्यांविषयी बोलणे थोडे धाडसाचेच आहे. तरीही प्रश्नाला थेट हात घालतो: खांद्यावरून डागायचे क्षेपणास्त्र आणि स्वस्त ड्रोन यांच्यापुढे जड रणगाडा टिकेल का?

ऑक्टोबर १९७३ मध्ये सिनाईच्या वाळवंटात इजिप्तच्या पायदळाने तारेने नियंत्रित होणाऱ्या सोव्हिएत ‘माल्युत्का’ क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाड्यांची दैना उडवली, तेव्हाही रणगाड्याचे दिवस भरल्याचे बोलले गेले. पण ते रणगाडे पायदळाची आणि तोफखान्याची पुरेशी साथ न घेता पुढे घुसले होते. इस्रायलने ही उणीव भरून काढली आणि १९७९ मध्ये ‘मर्कावा’ हा स्वतःचा जड रणगाडा सैन्यात आणला. आपल्याकडे १९६५ च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईत पाणी सोडलेल्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले आणि आपले जवान अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या आरसीएल (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेने त्यांचा वेध घेतला; त्याच रणांगणावर आपले सेंच्युरियन रणगाडेही लढत होते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

आज बदलले आहे ते माऱ्याचे ठिकाण. सर्वांत जाड चिलखत रणगाड्याच्या तोंडाशी असते, कारण पूर्वी मारा समोरून येई. अमेरिकेचे ‘जॅव्हेलिन’ किंवा आपले ‘नाग’ क्षेपणास्त्र मात्र आधी वर चढते आणि मग माथ्यावर कोसळते. स्फोट होताच त्यातील शंकूच्या आकाराचे धातूचे अस्तर चेपले जाऊन सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाची बारीक धार बनते आणि ती माथ्यावरचा पातळ पत्रा भेदते. कोकणात घर बांधणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको: भिंत कितीही रुंद घातली, तरी पाऊस छपरालाच गाठतो. टी-७२ या रणगाड्यात तर तोफगोळे बुरुजाच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या भागाच्या, खालीच गोलाकार रचलेले असतात. ते पेटले की अख्खा बुरूज उडतो, हे युक्रेनमध्ये वारंवार दिसले. टी-७२ आणि टी-९० हाच आपल्या चिलखती दलाचा कणा असल्याने ही परक्याची कथा समजून चालणार नाही.

मग माथ्यावरही जाड चिलखत का चढवू नये? आपल्या ‘अर्जुन’ रणगाड्याची सुधारित आवृत्ती आताच सुमारे ६८ टनांची आहे आणि त्याहून जड गाडा पंजाबातल्या कालव्यांवरून न्यायचा, तर आधी पुलांचा हिशेब करावा लागेल. २०२० नंतर लडाखच्या उंचीवर हलक्या गाड्याची निकड भासली आणि २०२४ मध्ये सुमारे २५ टनांचा ‘जोरावर’ हा हलका रणगाडा समोर आला. येणारे क्षेपणास्त्र वाटेतच फोडणारी इस्रायलची ‘ट्रॉफी’ यंत्रणा २०११ पासून प्रत्यक्ष लढाईत उपयोगी पडली आहे, पण तिच्या माऱ्याचा साठाही मर्यादितच असतो.

माझ्या मते वजन वाढवत नेण्याची शर्यत संपली आहे; रणगाड्याचे काम संपलेले नाही. गोळीबारात उघड्या मैदानावरून मोठी तोफ पुढे नेऊन शत्रूची जागा मोडून काढणे, हे काम ड्रोन अजून करीत नाही. म्हणून टी-७२ ची जागा घेणारा रणगाडा निवडताना समोरच्या चिलखताची जाडी विचारण्याआधी दारूगोळा माणसांपासून वेगळ्या कप्प्यात आहे का आणि ड्रोन पाडण्याची सोय गाड्यावरच आहे का, हे विचारले गेले पाहिजे.