नागपूरच्या उन्हात प्रवाळाची टाकी

[दृश्य: झिरो माइलचा स्तंभ, दगडी घोडे, मागून जाणारी मेट्रो]

इथून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. समृद्धी महामार्गाचीच लांबी ७०१ किलोमीटर, आणि तो संपला तरी मुंबई गाठायची राहतेच. तरीही या शहरात हॉलच्या एका भिंतीशी प्रवाळ वाढवणारी माणसं आहेत, आणि ते पाहून आपल्याही घरी अशी टाकी असावी असं वाटणारी त्याहून जास्त. हे निवेदन त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगते. नागपुरात रीफ टाकीचा, म्हणजे प्रवाळाच्या खाऱ्या टाकीचा, विचार मे महिन्यापासून सुरू करायचा. पाणी आणि तापमान मे आणि जुलै या दोन्ही महिन्यांत टिकून दाखवू दे, मग जीव आणा. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. आधी मासा आवडतो, मग टाकी येते, आणि उन्हाळ्याची आठवण एप्रिलमध्ये होते.

[दृश्य: मालवणचा किनारा, सिंधुदुर्ग किल्ला]

प्रवाळ म्हटलं की आपल्याला मालवण आठवतं. तिथे उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला, भर समुद्रात, आंग्रिया बँक हे पाण्याखालचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथेही प्रवाळांची मोठी वस्ती आहे. यातलं काहीही घरी आणायचं नाही, दगडाचा तुकडासुद्धा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे घातले गेले. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही त्याच यादीत आहेत. विदर्भातल्या माणसाला ही अनुसूची नीट माहीत आहे, कारण वाघही तिच्यातच आहे.

बाहेरदेशातून येणारे दगडी प्रवाळ साइट्स (CITES) या, धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात. त्यांना आयातीची कागदपत्रं लागतात, आणि कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंद करायची असते. विक्रेता कागद दाखवत नसेल तर तिथून घेऊ नका, रंग कितीही भुरळ घालो. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या टाकीत दगडी प्रवाळ नकोच. झोअँथिड आणि मशरूम जातीचे मऊ शरीराचे जीव घ्या. ते तग धरतात, पसरतात आणि दिसायला कुठेही कमी नाहीत. खडकही समुद्रातून काढलेला नको. कारखान्यात तयार झालेला सच्छिद्र कोरडा खडक मिळतो. सुरुवातीला तो पांढराफटक दिसतो, वर्षभरात त्याच्यावर जांभळट-गुलाबी थर चढतो.

[दृश्य: लोखंडी स्टँडवर रिकामी काचेची टाकी, वर स्पिरिट लेव्हल]

टाकी केवढी घ्यावी? तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, हे माप मला पहिल्या टाकीसाठी योग्य वाटतं. लहान टाकी स्वस्त पडते, पण पाणी जितकं कमी तितकं ते पटकन तापतं, पटकन खारट होतं आणि पटकन बिघडतं. या मापात काठोकाठ सुमारे १९० लिटर पाणी बसतं. खाऱ्या पाण्याचं वजन लिटरला एक किलोहून थोडं जास्त. काच, खडक, वाळू, खालची संप नावाची दुसरी टाकी आणि स्टँड धरलं तर बोजा तीनशे किलोच्या पुढे जातो. तुळईजवळची, भिंतीलगतची जागा बघा. स्टँड चौकोनी नळीचा वेल्डिंग केलेला असावा आणि लेव्हल काच ठेवण्याआधी तपासावी.

पश्चिमेची भिंत टाळा. संध्याकाळी सहानंतरही ती तापलेली असते, हात लावून पाहा. कूलरच्या झोतासमोरही टाकी नको, कारण त्या हवेबरोबर धूळ येते आणि ती पाण्यावर तवंगासारखी बसते.

[दृश्य: निळा ड्रम, आत फिरणारा छोटा पंप, मीठ ओतणारे हात]

आता पाणी. शहराला पेंच आणि कन्हानचं पाणी मिळतं. ते पिण्यासाठी शुद्ध केलेलं असतं, म्हणजे त्यात क्लोरीन असतं, आणि विरघळलेले क्षारही असतात. बोअरचं पाणी तर आणखी जड. या पाण्यातले नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट म्हणजे शेवाळाचं खत. म्हणून आरओच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचा, टप्पा असलेलं यंत्र लागतं आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसावं लागतं. स्वयंपाकघरातला आरओ चालत नाही, कारण चवीसाठी त्यातले काही क्षार मुद्दाम ठेवलेले किंवा परत मिसळलेले असतात. यंत्रातून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, गाडी धुवायला ठेवा. उन्हाळ्यात ते ओतून देणं जिवावर येतं.

या शून्य पाण्यात रीफसाठीचं मीठ मिसळायचं. घरचं मीठ जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असतं. प्रवाळाला कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पाण्याची क्षारता टिकवणारी कार्बोनेटंही हवीत. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार, ४०० मिलिग्रॅमच्या थोडं वर कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं. म्हणजे आपल्या टाकीला पहिल्या भरणीला साडेसहा-सात किलो मीठ लागेल. मीठ ड्रममध्ये, पंप लावून, एक दिवस आधी कालवा. जीव असलेल्या टाकीत कोरडं मीठ कधीही टाकू नका.

[दृश्य: अगदी जवळून रिफ्रॅक्टोमीटर, काचेवर पाण्याचा थेंब]

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. तिरक्या काचेवर दोन थेंब ठेवायचे, झाकण अलगद मिटायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. अर्धा मिनिट थांबायचं, म्हणजे थेंब आणि काच एका तापमानाला येतात. मग खिडकीकडे धरून पाहायचं. वर निळा भाग, खाली पांढरा, आणि दोघांची सीमा ३५ वर किंवा विशिष्ट गुरुत्वाच्या पट्टीवर १.०२६ ला. हे उपकरण जुळवायचं ते ३५ च्या प्रमाण द्रावणाने. फक्त साध्या पाण्याने शून्य जुळवलं तर वरच्या टोकाला ते चुकू शकतं.

[दृश्य: दुपारचा रस्ता, रुमाल बांधलेली माणसं, खिडकीला खसची ताटी]

प्रवाळाला २५-२६ अंश लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. समुद्रात नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एक अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली, तरी प्रवाळ आपल्या शरीरातलं रंगीत सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. त्याचं बहुतांश अन्न हेच शेवाळ बनवतं. तेव्हा तापमानाकडे दुर्लक्ष करून चालायचं नाही.

पण नागपूरचा उन्हाळा कोरडा आहे, आणि त्यानेच एक वाट मोकळी होते. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे छोटे पंखे लावले की पाणी वाफ होतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हिशेब करून पाहा: एक लिटर पाणी वाफ झालं तर दोनशे लिटर पाण्यातून जवळजवळ तीन अंशांइतकी उष्णता जाते. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा थर्मामीटर, म्हणजे वाफेने पाणी जास्तीत जास्त जितकं गार होऊ शकतं तो आकडा, २३-२४ च्या आसपास थांबतो. सावलीतल्या खोलीत, मे महिन्यात, पंखे खरंच काम करतात.

खरी पंचाईत जुलैत होते. पावसाच्या हवेत ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर ओला थर्मामीटर २८ च्या आसपासच थांबतो. तेव्हा पंखा कितीही फिरवा, पाणी २६ ला येणार नाही. ज्यांनी एप्रिल-मे निभावून नेलं त्यांच्या टाक्या पावसाळ्यात तापतात, कारण तोवर लक्ष उडालेलं असतं. म्हणून दोन महिने डोळ्यांसमोर ठेवा. खोलीत दिवसभर एसी चालणार असेल तर प्रश्न सुटतो. नसेल तर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, हवाच. तो टाकीपेक्षा महाग पडू शकतो, आणि त्याची तरतूद पहिल्या दिवशीच करायला हवी. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो. बंद कपाटात कोंबला तर स्वतःच्याच गरम हवेत धापा टाकतो. तो सावलीतल्या बाल्कनीत ठेवा आणि नळ्या भिंतीतून काढा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी हीटरही लागेल, वेगळ्या तापमान-नियंत्रकावर लावलेला, म्हणजे तो अडकून चालूच राहिला तरी वीज तुटेल.

[दृश्य: काचेवर चिकटवलेली पांढरी पट्टी, पाण्याची पातळी तिच्या खाली]

वाफ होतं ते फक्त पाणी. मीठ मागे राहतं. उन्हाळ्यात पंखे चालू असताना दिवसाला चार-पाच लिटर सहज उडतात. दोन दिवस दुर्लक्ष झालं की ३५ चा आकडा ३७ कडे सरकतो. ही भर शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याने करायची, खाऱ्या पाण्याने कधीच नाही. संपच्या काचेवर एक पट्टी लावून सकाळ-संध्याकाळ पातळी त्या रेषेवर आणली तरी चालतं, पण पाणी आपोआप भरणारं सेन्सरचं यंत्र घेणं मला जास्त बरं वाटतं. सुट्टीला गावी जाणाऱ्या घरात तर त्याला पर्यायच नाही.

बाकी सामान थोडक्यात. संप म्हणजे टाकीखालची दुसरी टाकी, तिच्यात सगळी यंत्रं लपतात. वीज गेल्यावर वरचं पाणी खाली उतरतं, तेवढी जागा संपमध्ये रिकामी ठेवा आणि पंप मुद्दाम बंद करून ती एकदा तपासून घ्या. प्रोटीन स्किमर बारीक बुडबुड्यांवर मळ चिकटवून फेसाच्या रूपात बाहेर काढतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक होतात म्हणूनच त्याला हे जमतं. वेव्हमेकर पाणी उलटसुलट हलवतो. दिव्यासाठी निळा प्रकाश भरपूर असलेला रीफ एलईडी, रोज आठ तास, सुरुवातीला मंद.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. सगळी जोडणी आरसीसीबीवर, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर, असावी आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोका घेऊन वर चढावी, म्हणजे ओघळणारा थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडतो. जूनच्या वादळात फांदी तारेवर पडली की वीज कधी येईल याचा भरवसा नसतो. पाणी हललं नाही तर काही तासांत मासे गुदमरू लागतात. निदान वेव्हमेकर तरी इन्व्हर्टरवर ठेवा, आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा असू द्या.

[दृश्य: खडक मांडलेली टाकी, मासा नाही]

आता वाट पाहायची. कोलंबीचा एक छोटा तुकडा आत सोडा. तो कुजला की अमोनिया तयार होतो, त्याच्यावर जिवाणू वाढतात आणि अमोनियाचा नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचा नायट्रेट. बाटलीबंद जिवाणू टाकले तरी साधारण चार ते सहा आठवडे धरून चला. मग तपकिरी थर येतो, मागोमाग हिरवं शेवाळ. हे सगळ्यांकडे येतं. शेजारी येऊन विचारतात, “काय करून राहिले भाऊ, तुमच्यात अजून मासा नाही का?” विचारू दे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले आणि नायट्रेट दिसू लागलं की दहा टक्के पाणी बदलायची साप्ताहिक सवय सुरू करा. वीस लिटर पाणी, सातशे ग्रॅम मीठ.

घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा: टाकीच्या खोलीत डास मारण्याचा फवारा, कॉइल किंवा प्लगमधलं लिक्विड नको. त्यातली रसायनं झिंग्या-खेकड्यांना फार थोड्या मात्रेत मारतात. गल्लीत धुराची फवारणी आली की खिडक्या लावा आणि हवेचा पंप बंद करा. खोलीला जाळी बसवणं सगळ्यात उत्तम. आणि झोअँथिड हाताळताना हातमोजे व चष्मा घाला. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. असा खडक गरम पाण्यात उकळणं तर जिवावर बेतू शकतं.

[दृश्य: थर्माकोलचा खोका उघडतो, आत फुगलेली पिशवी, केशरी-पांढरा मासा]

पहिला मासा क्लाउनफिश. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचं तंत्र आपल्याच देशात बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला घ्यायची गरज नाही. टाकीत जन्मलेला मासा दाणेदार खाद्य लगेच खातो. निळा सर्जनफिश घेऊ नका, त्याला ही टाकी फार अपुरी आहे.

मुंबई किंवा चेन्नईहून आलेली पिशवी उघडण्याआधी तिला पाण्यात अर्धा तास तरंगत ठेवा, तापमान जुळेल. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पाणी आम्लधर्मी झालेलं असतं, म्हणून आत साठलेला अमोनिया तोवर फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो आणि तोच अमोनिया जहाल होतो. त्यामुळे तासभर थेंबथेंब पाणी घालत बसू नका. विक्रेत्याला त्याच्या पाण्याचा खारेपणा आधी विचारा, वेगळी ठेवलेली छोटी विलगीकरण टाकी तेवढ्याच आकड्यावर तयार ठेवा, आणि पिशवी उघडताच मासा जाळीने उचलून तिच्यात सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. चार आठवडे तो तिथे खातो कसा, अंगावर पांढरे ठिपके येतात का, हे पाहा. त्या दिवसांत खारेपणा रोज थोडा वाढवत ३५ ला आणा. औषध द्यावं लागलं तर तिथेच, कारण तांब्याचं औषध मोठ्या टाकीत एकदा पडलं की खडकात मुरतं आणि गोगलगायी, झिंगे, प्रवाळ यांना ते सोसत नाही. मऊ प्रवाळांची पहिली खरेदी पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरात करा.