टाइमपास, तीस ग्रॅम

नमस्कार, श्रोतेहो.

मुंबईच्या लोकलमध्ये 'टाइमपास, टाइमपास' अशी हाक आली की खारे दाणे आले, हे डब्यात कुणाला सांगावं लागत नाही. कागदाची पुडी, वर जरासं मीठ, पुडी संपेपर्यंत दोन स्टेशनं जातात. त्या पुडीवर काहीच लिहिलेलं नसतं. तेच दाणे आता चकचकीत पाकिटात बसून दुकानाच्या फळीवर आलेत आणि दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत लिहिलंय, 'प्रोटीन'. शेजारी भोपळ्याच्या बिया, भाजलेलं जवस आणि हल्ली मोठ्या दुकानांत चिकन जर्की, म्हणजे मसाला लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. त्यांच्यावरही तोच शब्द. प्रोटीन खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. पण त्याच्यासोबत पोटात आणखी काय जातं, ते दर पाकिटात वेगळं आहे.

आधी दाणे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात. डाळीच्या तोडीस तोड. आणि त्यात नवल नाही, कारण शेंगदाणा मुळात द्विदल कुळातलाच, बदाम-काजूचा तो सख्खा कुणी लागत नाही. पण त्याच शंभर ग्रॅममध्ये जवळपास ४९ ग्रॅम तेल असतं. एक ग्रॅम प्रथिनातून चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातून नऊ. करा हिशेब. एकूण पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी, त्यातल्या शंभर प्रथिनांच्या आणि सुमारे चारशे चाळीस तेलाच्या. म्हणजे 'प्रोटीन' लिहिलेल्या पाकिटातली तीन चतुर्थांश ऊर्जा तेलातून येते. हे तेल चांगलं आहे, हृदयाला त्याचं वावडं नाही. फक्त मूठ कुठे थांबवायची, ते ठरवायला हवं. तीस ग्रॅम म्हणजे एक छोटी मूठ, साधारण १७० कॅलरी. टीव्हीसमोर बसून दोनशे ग्रॅमचं पाकीट संपवलं, तर एका बैठकीत दोन जेवणांचा ऐवज आत गेला.

बदामाची एक गंमत सांगते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी माणसांना अख्खे बदाम खाऊ घातले आणि शरीराला प्रत्यक्षात किती ऊर्जा मिळाली ते मोजलं. पाकिटावर जिथे १७० कॅलरी लिहिल्या जातात, तिथे भरल्या सुमारे १२९. कारण साधं आहे. कितीही चावला तरी बदामाच्या काही पेशी फुटत नाहीत आणि त्यांतलं तेल तसंच बाहेर पडतं. कूट केला, बटर केलं, की ही सवलत कमी होते.

जवसाचं मात्र नेमकं उलटं. त्यातलं ओमेगा-३, म्हणजे त्यातल्या तेलाचा गुणकारी भाग, हवा असेल तर बी फुटलीच पाहिजे. भाजलेलं अख्खं जवस जेवणानंतर चिमूटभर तोंडात टाकलं, तर टणक सालीची ती बी बरीचशी जशी आली तशी निघून जाते. आपल्याकडे जवसाची चटणी कुटून करतात, कारळ्याची आणि तिळाचीही, ते उगाच नाही. मात्र कुटलेलं जवस लवकर खवट होतं. थोडं कुटावं, संपलं की पुन्हा कुटावं. पाकीट हवेने फुगलेलं दिसतं ना, त्यात बहुतेक वेळा नायट्रोजन भरलेला असतो, तोही याच खवटपणाला लांब ठेवायला. एकदा कात्री लावली की ते राखण संपलं. मग घट्ट झाकणाचा डबा.

आता जर्की. हा शब्द आलाय दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतल्या 'चार्की'वरून, अर्थ वाळवलेलं मांस. कोकणात ज्यांच्या घरी सोडे आणि सुके बोंबील आहेत, त्यांना यातलं तत्त्व समजवायला नको. पाणी गेलं की उरतं ते दाट होतं. मांसाचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. ते उडाल्यावर शंभर ग्रॅम जर्कीत तीस-तेहतीस ग्रॅम प्रथिनं भरतात, आणि तेल दाण्यांहून पुष्कळ कमी. इथे खरी गोम मिठाची आहे. बोंबील बरेचदा नुसत्या उन्हावर वाळतात, जर्की मिठाच्या मसाल्यात मुरवून मग वाळवतात. अमेरिकेतल्या नेहमीच्या बीफ जर्कीत शंभर ग्रॅमला दोन हजार मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी जी कमाल मर्यादा सांगते, जवळपास तितकंच. वर साखरही असते, मांसात! आणि घटकांच्या यादीत आयएनएस २५० असा क्रमांक दिसला, तर ते सोडियम नायट्राइट, मांस टिकवायला घालतात ते रसायन. ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांनी जर्कीपेक्षा उकडलेलं अंडं खावं, असं माझं सरळ मत आहे.

खाऱ्या दाण्यांचं मीठ वरवर असतं, जिभेला आधी लागतं, म्हणून ते वाटतं त्याहून कमी निघू शकतं. जर्कीचं आत मुरलेलं. त्यामुळे जिभेवर विसंबू नका, पाकीट उलटा. आपल्या २०२० च्या लेबल नियमांनुसार मागे शंभर ग्रॅममागचं सोडियम, वरून घातलेली साखर, संपृक्त चरबी असं सगळं छापावं लागतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. मसाला दाण्यांच्या पाकिटावर बेसन आणि पाम तेल कितव्या नंबरावर आहेत, ते बघा. काही पाकिटांत आपण दाण्याच्या भावात भजी घेत असतो.

जाता जाता एक. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की कोंबड्या अचानक मेल्या. शोध घेतला तेव्हा दोष निघाला त्यांना घातलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. तिला बुरशी लागली होती आणि त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, तेव्हाच पहिल्यांदा कळलं. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. तेव्हा पाकीट महागाचं असो की पुडी लोकलमधली, काळपट, सुरकुतलेला दाणा बाजूला काढा, आणि कडू लागला तर गिळू नका, थुंकून टाका. चारचौघांत असलात तरी.

नमस्कार.