टर्नर लिव्हायचं का इंजिनिअर?

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीनंतरची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी आईला घेऊन घरी आला. आयटीआयमध्ये मी तीस वर्षं शिल्प निदेशक होतो, म्हणजे वर्कशॉपचा मास्तर. त्यामुळं अशी पोरं येत राहतात. कुणाला नोकरी हवी असते, कुणाला नुसतं भेटायचं असतं. या माउलीला पोराच्या लग्नाचा बायोडाटा तपासून हवा होता. नोकरीच्या रकान्यापाशी ती अडली होती. "सर, टर्नर लिव्हायचं का इंजिनिअर? टर्नर लिव्हलं तर पोरगी कोण देतंय?"

पोरगा टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा. शिरोली एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे आज्ञावलीवर चालणारं, मशीन चालवतो. पगार गल्लीतल्या एका पदवीधर इंजिनिअरपेक्षा जास्त आहे, हे त्याच्या आईनंच सांगितलं. तरी शब्द खटकतो. पैशाचा प्रश्न असता तर तो केव्हाच सुटला असता.

हे पोर पहिल्या दिवशी आलं तेव्हा वडील माझ्यासमोर म्हणाले होते, "डोकं चालत न्हाई, म्हणून हिकडं घातलाय." बापच असं म्हणतो तिथं पाहुण्यांचं काय? आता त्या डोक्याला आम्ही काय करायला लावलं ते ऐका. सुरुवातीला मशीनला हात लावू देत नाही. व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या पकडीत, लोखंडाचा ठोकळा धरायचा आणि फाईल, म्हणजे कानस, मारायची. दातांत कीस अडकून ओरखडे उठू नयेत म्हणून फाईलला खडू घासायचा. मग ठोकळ्याला गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून तो खिडकीकडं धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली की काम परत. इकडचा उंचवटा घालवायला जावं तर तिकडची कड बसते. दोनचार दिवसांत तळहाताला फोड येतात. हा पठ्ठ्या तर एकदा फाईल आपटून बाहेर गेला आणि दहा मिनिटांनी स्वतःच परत आला. मग एका सकाळी त्यानं ठोकळा धरला आणि रेघ दिसेना. त्यानं बाजू बदलून पाहिलं, गुण्या पुसून पाहिलं. मला हाक मारली नाही. नुसता बघत उभा राहिला.

आज तो मायक्रोमीटरवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवतो. माणसाचा केस त्याहून कितीतरी जाड असतो. हे डोकं चालल्याशिवाय होतं?

श्रोतेहो, आपल्या कोल्हापुरात 'मेस्त्री' हा शब्द एकेकाळी मानानं घेत. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्रीच. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचा ध्यास घेतला. 1916 साली आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, 1918 मध्ये कॅमेरा पुरा केला आणि 1920 चा 'सैरंध्री' त्यावर घेतला. शाळेचं शिक्षण जेमतेम. गावानं त्यांना धंद्यावरून 'पेंटर' म्हटलं आणि तेच नाव आपण आजही अभिमानानं घेतो.

अभिमानाला आपण कमी नाहीच. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो. बरोबरच होतं. पण चप्पल लाईनीत जाऊन हातशिलाईच्या जोडाला शंभर रुपये कमी कर म्हणणारेही आपणच. मीही घासाघीस केलीय, खोटं कशाला बोलू?

अन् बोलण्याचं बघा. कोल्हापुरात अरे-तुरे प्रेमाचं, हे मला मान्य. इथं साहेबालाही 'भावा' म्हणतात. पण नळ दुरुस्त करायला आलेल्या पन्नाशीच्या माणसाला आपण 'ए, इकडं ये' म्हणतो आणि त्याच पायरीवर उभ्या असलेल्या पंचविशीतल्या बँकवाल्याला 'या, बसा' म्हणतो. तिथं प्रेम कुठाय? नळवाल्याला पाणी विचारलंच तर पेला वेगळा निघतो. काही घरांत निघतो, सगळ्या नाही, पण निघतो.

तर तो बायोडाटा. मी पेन घेतलं आणि रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'टर्नर, सीएनसी मशीन'. खाली अनुभवाची वर्षं लिहिली. वर मास्तरकीची सवय गेली नाही, म्हणून दोन वाक्यं सुनावलीही, की लाजायचं कारण नाही, हाताला कसब आहे, वगैरे.

माउलीनं सगळं ऐकून घेतलं. कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. चहा संपवला. उठताना सहज विचारल्यासारखं म्हणाली, "सर, तुमचा ल्योक काय करतोय?"

"पुण्यात असतो," मी म्हणालो. "कॉम्प्युटरवर."