ऑपेरावर हुकूम कुणाचा?

मंडळी, आज सुरुवात गाण्यापासून नको, एका करारनाम्यापासून करू. साल १८१५, महिना डिसेंबर. एका बाजूला रोमच्या तेआत्रो आर्जेन्तिना या नाट्यगृहाचा चालक ड्यूक स्फोर्त्सा-चेझारिनी, दुसऱ्या बाजूला जोआकिनो रोसिनी नावाचा २३ वर्षांचा संगीतकार. अटी ऐका. येत्या कार्निव्हलच्या हंगामासाठी रोसिनीने एक विनोदी ऑपेरा रचून द्यायचा. संहिता चालक देईल ती, मग ती नवी असो की जुनी. गायकांच्या गळ्याला बसेल असं संगीत करायचं आणि कुणाला एखादी जागा झेपली नाही, तर ती बदलून द्यायची. सगळ्या तालमींना हजर राहायचं. पहिले तीन प्रयोग स्वतः चेंबालो या पट्ट्यांच्या वाद्यावर बसून पार पाडायचे, आणि ते झाले की मगच पैसे हातात. किती? ४०० स्कूदी, म्हणजे रोमची तेव्हाची नाणी. राहायची सोय नाटकात काम करणाऱ्या लुइजी झांबोनीच्या बिऱ्हाडी. त्याच प्रयोगातल्या टेनरला, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुष गायकाला, मान्युएल गार्सियाला, १२०० स्कूदी मिळायचे होते.

या करारातून जन्माला आला ‘सेव्हिलचा न्हावी’. आज जगात एकही ऑपेरागृह नसेल जिथे तो होत नाही. आणि तो ज्याने रचला, त्याला टेनरच्या एक तृतीयांश मोबदला!

एकोणिसाव्या शतकातला इटालियन ऑपेरा म्हटलं की आपल्याकडे पाच नावं घेतात: रोसिनी, बेल्लिनी, दोनिझेत्ती, व्हेर्दी, पुच्चिनी. त्या पाचांची चरित्रं ओळीने सांगून तुमची संध्याकाळ घालवण्यात मला रस नाही, ती कुठेही वाचायला मिळतात. मला बघायचंय ते हे, की या ऑपेरावर हुकूम कुणाचा चालायचा? शतकाच्या आरंभी संगीतकाराचा तर नक्कीच नव्हता. शतक सरताना मात्र बराचसा त्याच्या हाती आला होता. मधल्या ऐंशी वर्षांत जी ओढाताण झाली, ती नुसती पैशांची नाही. ती सुरांत ऐकू येते.

रोसिनीने ‘न्हावी’ जेमतेम दोन-तीन आठवड्यांत उरकला. आज आपण ज्या ओव्हर्चरवर, म्हणजे पडदा उघडण्याआधीच्या वादनावर, माना डोलावतो, तो मुळात या ऑपेरासाठी रचलेलाच नाही. आधी ‘आउरेलियानो इन पाल्मिरा’ला वापरला होता, मग इंग्लंडच्या राणी एलिझाबेथवरच्या गंभीर ऑपेराला, आणि तिसऱ्यांदा इथे चिकटवला. रोमच्या प्रेक्षकाने मिलानचा ऑपेरा पाहिलेला नसे, मग हरकत कोण घेणार? २० फेब्रुवारी १८१६ चा पहिला प्रयोग मात्र सपशेल पडला. त्याच कथेवर पायसिएल्लोचा जुना ऑपेरा लोकांच्या आवडीचा होता, त्याचे चाहते शिट्ट्या मारायला तयारच बसले होते. गार्सियाच्या गिटारची तार तुटली, बाझिलियो या पात्राचं काम करणारा अडखळून तोंडावर आपटला आणि नाकातून रक्त पुसत गायला, भर अंकात एक मांजर रंगमंचावर फिरून गेली, असं सांगतात. दुसऱ्या रात्री रोसिनी घरीच बसला, आणि त्या रात्री प्रयोग डोक्यावर घेतला गेला. करार करणारा ड्यूक यातलं काहीच पाहू शकला नाही. तो चारच दिवस आधी वारला होता.

या धंद्याचा खरा सूत्रधार म्हणजे इम्प्रेसारिओ. नाट्यगृह एकाच्या मालकीचं, पण हंगामाचा ठेका याच्याकडे. गायक बांधायचे, संगीतकाराला काम द्यायचं, पडदे-पोशाख बघायचे आणि नफा-तोटा अंगावर घ्यायचा. यांच्यात सगळ्यात वस्ताद दोमेनिको बार्बाया. सुरुवात कॉफीच्या दुकानातली. कॉफी, चॉकलेट आणि साय यांचं एक पेय त्याने चालवलं, ते मिलानमध्ये त्याच्याच नावाने ओळखलं जाई. पण पैसा केला तो नाट्यगृहांच्या दालनांत जुगाराची टेबलं मांडायच्या परवान्यावर. प्रेक्षक ऑपेरा ऐकायला जमत आणि मध्येच उठून रुलेट खेळत. लोक पूर्ण वेळ शांतपणे ऐकत बसतील, अशी अपेक्षाच कुणी ठेवत नसे. १८१६ च्या फेब्रुवारीत नेपल्सचं सान कार्लो नाट्यगृह जळून खाक झालं, तर पुढच्या जानेवारीत ते पुन्हा उभं होतं. त्यामागेही हाच बार्बाया. रोसिनीला त्याने नेपल्सला बांधून घेतलं, पुढे दोनिझेत्तीला. माणूस अर्धशिक्षित, कान पक्का. अशा माणसांबद्दल मला थोडं ममत्व वाटतं हे कबूल करतो.

आता रचनेबद्दल दोन शब्द, कारण पुढचं त्यावर बेतलेलं आहे. त्या काळात मुख्य गायिकेच्या प्रवेशाचा एक ठरलेला साचा असे. आधी संथ, लांब ओळींची चीज, तिला कांताबिले म्हणत. मध्ये कुणीतरी काहीतरी बातमी घेऊन येई. मग जलद काबालेत्ता, तीही दोनदा, म्हणजे दुसऱ्या खेपेला गायिकेने आपल्या हरकती-मुरकती घालाव्यात. तुम्ही ख्याल ऐकणारी माणसं. विलंबितानंतर द्रुत येते तेव्हा अंगात जी तरतरी येते, तिच्या आसपासचं हे. फरक इतकाच, की इथे द्रुत यायला कथेत काहीतरी घडावं लागतं.

बेल्लिनीच्या ‘नोर्मा’तलं ‘कास्ता दिवा’ ही त्या साच्यातली सर्वांत सुंदर संथ चीज. २६ डिसेंबर १८३१ ला, मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात, हंगामाच्या पहिल्याच रात्री तो ऑपेरा आला. पहिली रात्र गारच गेली. बेल्लिनीने मित्राला पत्रात ‘फियास्को’ हा शब्द पुन्हा पुन्हा लिहिला. पण माझा मुद्दा वेगळा आहे. हस्तलिखितात ही चीज ‘जी मेजर’ या पट्टीत आहे. नोर्माची भूमिका जिच्यासाठी रचली ती जुदित्ता पास्ता एक पूर्ण स्वर खाली, एफमध्ये गायली. आज जवळपास सगळ्या जणी तिथेच गातात. म्हणजे कुणी एका गायिकेने आपल्या गळ्याच्या सोयीने पट्टी उतरवली, तीच पुढे कायमची झाली.

दोनिझेत्तीची तर याहून गंमत. बेर्गामोच्या गरीब घरातला मुलगा, सिमोन मायरने चालवलेल्या धर्मादाय शाळेत शिकलेला. पन्नाशी गाठली आणि गेला, शेवटची वर्षं मेंदूच्या आजारात, पण तेवढ्यात साठावर ऑपेरे रचून ठेवले. ‘लुचिया दी लाम्मेरमूर’, सान कार्लो, सप्टेंबर १८३५. यातला वेडाचा प्रवेश त्याने काचेच्या हार्मोनिकासाठी लिहिला होता. ओल्या बोटांनी फिरत्या काचेच्या वाट्यांतून सूर काढायचा, असं ते वाद्य, अंगावर शहारा आणणारं. पण वाजवणाऱ्याचं आणि नाट्यगृहाचं काहीतरी बिनसलं, आणि ती जागा बासरीला द्यावी लागली. बरं, आज या प्रवेशात लोक ज्याची वाट बघत असतात, तो गायिका आणि बासरी यांचा लांबलचक सवाल-जवाब? तो दोनिझेत्तीच्या लेखनात नाही. त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी तो तिथे आला. ऑपेराची सर्वांत गाजलेली तीन मिनिटं कर्त्याची नाहीतच!

मग व्हेर्दी. ‘नाबुक्को’पासूनची सोळा वर्षं त्याने स्वतःच गलबतावरच्या कैद्याची वर्षं म्हटली आहेत. हंगामामागून हंगाम, ऑपेरामागून ऑपेरा. ‘नाबुक्को’ने १८४२ साली नाव झालं. त्यातला ‘वा पेन्सिएरो’ हा कोरस, म्हणजे समूहगान, पहिल्याच रात्री राष्ट्रप्रेमाने पेटलेल्या प्रेक्षकांनी पुन्हा गायला लावला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्या वेळची वृत्तपत्रं तपासली तर पुन्हा गायला लावलेला कोरस शेवटचा, देवाच्या स्तुतीचा निघतो. दंतकथा नंतरची. एवढं सांगून पुढे जातो, कारण मला ‘रिगोलेत्तो’पाशी थांबायचंय.

व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहाने १८५० साली व्हेर्दीकडून नवा ऑपेरा मागवला. त्याने निवडलं व्हिक्टर ह्यूगोचं नाटक, जे १८३२ साली पॅरिसमध्ये एका प्रयोगानंतर बंद पाडलं होतं. स्त्रीलंपट राजा, त्याचा कुबडा विदूषक, आणि त्या विदूषकाची लपवून ठेवलेली मुलगी. व्हेनिस तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात, दोनच वर्षांपूर्वीचं बंड मोडून काढलेलं. लष्करी गव्हर्नरच्या कचेरीतून उत्तर आलं: विषय किळसवाणा, अनैतिक, प्रयोगाला साफ मनाई. संहिताकार पिआवे बिचारा भिडस्त. त्याने काटछाट करून नवी प्रत तयार केली. नायक सज्जनासारखा, विदूषकाचं कुबड गायब, विदूषकाला मिळालेल्या शापाची धार बोथट, आणि शेवटच्या अंकातलं पोतं काढून टाकलेलं. पोलीस खूश.

व्हेर्दीने १४ डिसेंबरला नाट्यगृहाच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. मिळालं तर मुळातून जरूर वाचा, कारण त्यात तो मोठी तत्त्वं मांडत नाही, एकेक वस्तू हातात घेऊन विचारतो. पोलिसांना पोत्याशी काय देणं-घेणं? परिणाम होणार नाही अशी भीती त्यांना वाटते का? मग माझ्यापेक्षा ते यांना जास्त कळतं का? कुबडा माणूस गातो म्हणून काय बिघडलं? बाहेरून विद्रूप आणि हास्यास्पद, आतून मायेने आणि तळमळीने भरलेला, असा माणूस दाखवायचा म्हणूनच तर मी हा विषय घेतला.

आता पोतं का हवं, ते बघा. रिगोलेत्तो म्हणजे तो कुबडा विदूषक. त्याने सूड म्हणून ड्यूकला (ह्यूगोचा राजा ऑपेरात ड्यूक झालाय) मारायला मारेकरी लावलाय. मध्यरात्री मारेकरी प्रेत पोत्यात घालून त्याच्या हवाली करतो. रिगोलेत्तो पोत्यावर पाय ठेवून उभा, आयुष्यात पहिल्यांदा विजयी. आणि दुरून गाणं ऐकू येतं, ‘ला दोन्ना ए मोबिले’. तेच, उथळ, उडत्या चालीचं, जे ड्यूकने याच अंकात आधी गायलंय. ड्यूक जिवंत आहे! मग पोत्यात कोण? इथे कुणी पात्र येऊन बातमी देत नाही. मघाशी तो साचा सांगितला, त्यात बातमी आणणारा माणूस लागायचा. इथे बातमी चाल स्वतःच देते. पोतं काढा, की ही चाल नुसती चाल उरते. सेन्सॉरच्या लाल पेन्सिलीला ते दिसण्यासारखं नव्हतं.

तडजोड झाली ती व्हेर्दीला फार महाग पडली नाही. फ्रान्सचा राजा मान्तोव्हाचा ड्यूक झाला, एका किल्लीचा प्रसंग गेला, नावं बदलली. कुबड राहिलं, पोतं राहिलं. ११ मार्च १८५१ ला पहिला प्रयोग. याच अंकातल्या वादळात पडद्यामागून पुरुषांचा कोरस तोंड मिटून गुणगुणतो आणि तो वाऱ्याचा आवाज होतो, हे घरी ऐकताना मुद्दाम टिपा. आणि अगदी आरंभीच्या वादनात शापाचा जो स्वर आहे, तो एकच सा-सारखा स्थिर स्वर ठोकत राहतो. ज्याला शाप मिळाला तो माणूस तो विसरू शकत नाही, हे सांगायला त्याला चाल लागलीच नाही. इतर शहरांतल्या सेन्सॉरांनी मात्र पुढे आपापले हात धुऊन घेतले. कुठे हाच ऑपेरा ‘व्हिस्कार्देल्लो’ नावाने झाला, कुठे ‘क्लारा दी पर्थ’ म्हणून.

पण सेन्सॉर तरी समोरचा शत्रू. घरचे दावेदार वेगळेच. १८५२ साली एका नामवंत गायिकेच्या नवऱ्याने व्हेर्दीला पत्र लिहिलं, की माझी पत्नी जिल्दाचं, म्हणजे रिगोलेत्तोच्या मुलीचं, काम करतेय, तिच्यासाठी एक जादा आरिया, म्हणजे एकल गाणं, घालून द्यावी. रोसिनीच्या करारात असली मागणी कलम म्हणूनच होती. व्हेर्दीचं उत्तर: ‘रिगोलेत्तो’ मी एकल गाण्यांविना, द्वंद्वगीतांची एक न संपणारी साखळी म्हणून योजलाय, त्यात आणखी काही बसणार नाही.

हे म्हणायची ताकद कुठून आली? एक तर कीर्तीतून. दुसरं, कायद्यातून. पूर्वी संगीतकाराला एकदाच पैसे मिळत. पुढे कुणीतरी पियानोची छापील प्रत मिळवायचा, गावातल्याच एखाद्या वादकाकडून त्यावर वाद्यवृंदाचं संगीत बसवून घ्यायचा आणि प्रयोग लावायचा. १८४० साली ऑस्ट्रिया आणि सार्डिनिया यांच्यात लेखनहक्कांचा करार झाला, इतर इटालियन राज्यं त्यात आली, नेपल्स सोडून. याचा फायदा उचलला मिलानच्या रिकॉर्दी प्रकाशनसंस्थेने. संस्थापक जोव्हान्नी रिकॉर्दी मूळचा स्वरलिप्यांच्या नकला करणारा. संस्था स्वरलिपी विकत नसे, भाड्याने देई, आणि प्रयोगामागे मोबदला घेई. १८४७ सालीच व्हेर्दीने रिकॉर्दीला अट घातली होती: माझ्या स्वरलिपीत कुणी फेरफार केला, तर त्या नाट्यगृहामागे हजार फ्रँक दंड, तोही तुमच्याकडून. म्हणजे राखणीला प्रकाशकच बसला. शतकाच्या शेवटी तर इम्प्रेसारिओ मागे पडले आणि कुठे कोण गाणार हेही प्रकाशक ठरवू लागले. रिकॉर्दीचा प्रतिस्पर्धी सोन्झोन्यो याच्या स्पर्धेतून १८९० साली मास्काञीचा ‘काव्हालेरिया रुस्तिकाना’ आला. १८९३ च्या फेब्रुवारीत आठ दिवसांच्या अंतराने पुच्चिनीचा ‘मानोन लेस्को’ आणि ऐंशीच्या घरातल्या व्हेर्दीचा शेवटचा ‘फाल्स्टाफ’ आला, ते दोन्ही रिकॉर्दीच्या घरचे.

इम्प्रेसारिओ झाला, गायिका झाली, सेन्सॉर झाला, प्रकाशक झाला. एक दावेदार राहिला, आणि तो मला सगळ्यांत आवडतो. १८७२ साली व्हेर्दीचा ‘आयदा’ पार्मात लागला होता. प्रोस्पेरो बेर्तानी नावाचा गृहस्थ रेज्जोहून आगगाडीने तो पाहायला गेला. आवडला नाही. सगळे वाहवा करताहेत, म्हटल्यावर पुन्हा गेला. पुन्हा नाही आवडला. मग त्याने थेट व्हेर्दीला पत्र पाठवलं, सोबत हिशेब: जाण्याचं भाडं २.६०, येण्याचं ३.३०, नाट्यगृह ८, स्टेशनवरचं भिकार जेवण २. गुणिले दोन, एकूण ३१.८० लिरा. पैसे परत द्या.

व्हेर्दीने रिकॉर्दीला कळवलं, की त्याला २७.८० द्या. जेवणाचे ४ लिरा नाहीत, ते तो घरी जेवू शकला असता. आणि माझ्या नव्या ऑपेराला पुन्हा येणार नाही, असं त्याच्याकडून लिहून घ्या. बेर्तानीने पैसे मोजून घेतले आणि तसं लिहून दिलं.